रविवारपर्यंत कळवा

हवालदार,

काल तुमचं तेरावं झालं. घोडपदेवच्या तुमच्या खोलीत भिंतीवर फोटो लावला आहे, फौजेच्या युनिफॉर्ममधला, मिशी बारीक असतानाचा. तो डावीकडे जरासा कललेला होता. येणारा प्रत्येक जण नमस्कार करून बसत होता आणि मला मात्र तुमचा आवाज ऐकू येत होता, "बाई, लेव्हल बघा." शेवटी मीच उठून तो सरळ केला. शेवंतीवहिनी म्हणाल्या, "आता कोण बघायचंय?" मी म्हटलं, "मला सवय लागलीये." त्या हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

संस्थेतल्या मुलींनी मला तुमच्यावर चार शब्द लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, पलटण कुठली, संस्थेत कधी आलात, हे सगळं त्यांना हवं आहे. ते त्यांना फायलीत मिळेल. तुम्ही स्वतःची फाईल स्वतःच नीट लावून ठेवली आहे, त्यात मला घालण्यासारखं काही उरलेलं नाही. मी लिहिणार आहे ते फायलीत नाही. आपल्या वर्गातल्या बारा बायकांबद्दलची एक गोष्ट मी तुमच्यापासून अठ्ठावीस वर्षं लपवली. त्यातली बावीस वर्षं तर रोज समोर बसून, तुमच्या डब्यातली आमटी खाऊन लपवली. ती सांगायला आज बसले आहे, आणि तुम्ही ऐकायला नाही. याचा दोष सर्वस्वी माझा.

संपाचं दुसरं वर्ष होतं. परळच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही गिरणी कामगारांच्या घरी धान्य वाटत होतो. देणाऱ्यांचा उत्साह ओसरत चालला होता आणि बायका म्हणत होत्या, धान्य पुरे, काम द्या. मी गिरगावातल्या शाळेतली मास्तरीण. आजूबाजूला एवढी इस्पितळं आहेत, पेशंट घरी गेला की त्याच्याजवळ बसायला माणूस लागतं, तेव्हा बायकांना रुग्णसेवा शिकवावी, ही कल्पना माझी. फक्त मला स्वतःला धड ताप बघता येत नव्हता. अशा वेळी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. वडील गिरणीत, भाऊ गिरणीत, दोघेही घरी बसलेले, आणि तुम्ही पेन्शनचे कागद घेऊन नुकतेच उतरलेले.

"सतरा वर्षं फौजेत, मेडिकलमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. काम आहे का?"

"काम आहे. पगार नाही, मानधन आहे."

"म्हणजे पगारच, पण कमी?"

मला इतका राग आला, की मी तुम्हाला बसासुद्धा म्हटलं नाही. आपलं पहिलं भांडण ओळख व्हायच्या आधीच झालं, आणि खरं सांगायचं तर ते एकच भांडण आपण जन्मभर भांडलो.

पहिल्या वर्गात बारा जणी होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हटल्यावर सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. मी सेवाभावावर पंधरा मिनिटं बोलले, एकही हलली नाही. तुम्ही शांतपणे चपला काढल्या, बाकावर आडवे झालात आणि डोळे मिटले. "मी पेशंट. बेशुद्ध आहे. चादर बदला." पुढे आली ती इंदू. इंदू कदम, तुमच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहणारी. नवरा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा, संप सुरू झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसलेला, पदरात दोन मुली. तिने आणि आणखी एकीने तुम्हाला कुशीवर वळवलं, आणि तेवढ्यात इंदूला असं हसू फुटलं, की तिने हातच सोडले. तुम्ही धाडकन खाली. डोळे न उघडता तुम्ही जमिनीवरून म्हणालात, "पेशंट पडलेला आहे. रिपोर्ट कोण देणार?"

हा रिपोर्ट तुम्ही आमच्या अंगात भिनवलात. ड्युटीवरून आलेल्या बाईने घरी जायच्या आधी तुमच्यासमोर उभं राहून सांगायचं, पेशंट कसा आहे, काय खाल्लं, पाठ बघितली का. काही झालं नसेल तर काही झालं नाही, असं सांगायचं. रिपोर्ट दिला नाही म्हणजे काम झालंच नाही, हा तुमचा कायदा. चादरीला एक सुरकुती दिसली तरी तुम्ही सगळी चादर उपसून काढायचात, पेशंटची पाठ त्या सुरकुतीनेच सोलते म्हणून. चादरीचे कोपरे दुमडायची तुमची फौजी घडी आजही आपल्या बायकांच्या हातात आहे. मोठ्या इस्पितळातल्या सिस्टर ती घडी बघून विचारतात, कुठे शिकलात? बायका सांगतात, घाडीमामांकडे.

सात वर्षं तुम्ही मानधनावर काढलीत. कुरकुर केली नाहीत, पण वाद घालत राहिलात. "बाई, बायकांना महिन्याचा पगार बांधून द्या, रजा द्या, फंड द्या." मी म्हणायची, "ही सेवा आहे, घाडी. नोकरी करायची तर बाहेर नर्सिंग ब्युरो आहेत." त्यावर एकदा तुम्ही जे बोललात, ते मला अजून टोचतं. "फौजेत मला कुणी मानधन दिलं नाही. पगार दिला, कपडा दिला, रेशन दिलं. जखमी पोराची पट्टी करताना मी पगारी माणूस होतो. म्हणून माझी सेवा कमी पडली का?" मी उठून खिडकी लावून घेतली. बाहेर ऊन होतं, असं काहीतरी म्हणाले.

मग दादरला ती कंपनी निघाली. घरी आणि इस्पितळांत पेशंटजवळ बसायला बायका पुरवणारी, फायद्यासाठी चालवलेली, तसं उघड म्हणणारी. त्यांना शिकवणारा माणूस हवा होता. तुम्ही जायचं ठरवलंत. त्यातही तुमची शिस्त सुटली नाही. आपली संस्था म्हणजे माणसं अडीच. अध्यक्ष वर्षातून दोनदा येणार, चहा पिणार आणि जाणार. तरी तुम्ही राजीनामा अध्यक्षांच्या नावाने लिहिलात, 'मार्फत' म्हणून माझं नाव घातलंत आणि तो मलाच आणून दिलात. एक महिन्याची नोटीस. वर मला समजावलंत, "थ्रू प्रॉपर चॅनल गेलं पाहिजे, बाई. ज्याच्या हाताखालची माणसं, त्याला विचारल्याशिवाय त्या माणसांशी बोलायचं नाही. फौजेत हे पहिलं शिकवतात." मी कागद टेबलावर टाकला आणि म्हटलं, "सेवा विकायला निघालात, आणि शिस्त मला शिकवताय?"

तुम्ही चपला घातल्यात, दारात वळून बायकांना हात केलात आणि गेलात. मी त्या शब्दांची माफी कधी मागितली नाही. आज मागते.

पुढची गोष्ट ही, की चार महिन्यांनी तुमचं पत्र आलं.

ते मला पाठ आहे. कंपनीने बारा कायम जागा मंजूर केल्या आहेत. पगार, आठवड्याची सुट्टी, प्रॉव्हिडंट फंड. आपल्या पहिल्या वर्गातल्या बारा जणी तयार आहेत, त्यांच्याएवढं काम कुणाला येत नाही. कृपया हे पत्र त्यांना वाचून दाखवावं. ज्यांची इच्छा असेल त्यांनी सोमवारी सकाळी दहाला दादरच्या ऑफिसात यावं. ज्यांची नसेल त्यांच्यावर कसलीही जबरदस्ती नाही. आणि खाली, अधोरेखित: रविवारपर्यंत कळवा.

इंदू तुम्हाला रोज सकाळी नळावर भेटत होती. तुम्ही तिला म्हणाला असतात, "इंदू, सोमवारी दादरला ये," तर एका वाक्यात काम झालं असतं. पण ती माझ्या हाताखालची. माझ्या परवानगीशिवाय तुम्ही तिला विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मला तुमचं पत्र दाबता आलं.

मी ते वाचून दाखवलं नाही. खणात ठेवलं. स्वतःला सांगितलं, बारा जणी गेल्या तर काम बंद पडेल आणि नवा वर्ग मी कुणाच्या जोरावर चालवू? कंपनीचा काय भरवसा, वर्षभराने काढून टाकतील आणि या ना इकडच्या ना तिकडच्या होतील. दोन्ही कारणं खोटी नव्हती. पण शनिवारी इंदू माझ्यासमोर बसून रिपोर्ट देत होती आणि पत्र खणात तिच्यापासून हातभर अंतरावर होतं, तेव्हा माझ्या मनात कारणबिरण काही नव्हतं. तुम्ही मला सोडून गेलात, एवढंच होतं. रविवार गेला. सोमवारी दहा वाजता मी नव्या वर्गाला थर्मामीटर कसा झटकायचा ते शिकवत होते.

त्या सोमवारी काय झालं, ते मला वहिनींनी फार वर्षांनी सांगितलं, सहज, भाजी निवडताना. "काय सांगू बाई, इस्त्रीचं शर्ट घालून आठलाच गेले. बारा खुर्च्या सोताच्या हातांनी मांडल्यानी. दुपारपर्यंत बसले होते. घरी येऊन म्हणाले, आमच्या बायका नाय आल्या गो." मी भाजी निवडत राहिले. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं.

तुम्ही इंदूला त्यानंतरही रोज नळावर भेटत राहिलात. "ठीक?" "ठीक, मामा." एवढंच. त्या आल्या नाहीत हेच त्यांचं उत्तर, आणि त्यावर पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्ती, असं तुम्ही धरून चाललात. तिला तर कुणी काही विचारलंच नव्हतं. एकाच नळावर दोघं पाणी भरत होतात आणि तुमच्या मधोमध मी उभी होते.

त्या जागांवर तुम्ही दुसऱ्या बारा बायका घेतल्यात, त्यांना घडवलंत.

सहा वर्षांनी एका सकाळी तुम्ही पुन्हा दारात उभे. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. "हजर आहे, बाई. घेता का?" कंपनीने शिकवण्याचे वीस दिवस होते ते चारवर आणले होते, आणि चार दिवसांत तयार झाल्याच्या दाखल्यांवर तुमची सही मागितली होती. तुम्ही सही केली नाहीत. महिन्याची नोटीस दिलीत, अर्थात योग्य त्या माणसामार्फत, आणि निघालात. मी तेव्हा मनातून जिंकल्यासारखी खूश झाले होते. "बघितलंत ना धंदा?" असं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "धंद्याचं सगळंच वाईट नसतं, बाई. चांगलं तेवढं घेऊन आलोय."

आणि खरंच घेऊन आलात. आठ तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी, छातीवर नावाची पट्टी. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पुरेपूर घ्या, ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे फुकट पाठवा, बाईच्या हातात मात्र दोन्हीकडचा पगार सारखाच पडला पाहिजे, हे तुम्ही मला एका आठवड्यात पटवलंत. मानधन हा शब्द आपल्या कागदांवरून तुम्ही स्वतः रेघ मारून काढलात. संस्था आज उभी आहे ती त्यामुळे. मी नुसती सेवा सेवा म्हणत बसले असते, तर त्या खोलीत आज एखादं मोबाइलचं दुकान असतं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही नुसतं "ठीक" म्हणाला असतात आणि मला आणखी राग आला असता. फंड तेवढा आपल्याला शेवटपर्यंत जमला नाही.

परतल्यावर एकदाच तुम्ही तो विषय काढलात. चहा घेत होतो. "आपल्या बायका तेव्हा आल्या नाहीत ते बरंच झालं म्हणायचं. माझ्यावर विश्वास नसेल बसला. मीच सोडून गेलो होतो ना." एवढी मोठी फट तुम्ही उघडून दिलीत मला. मी म्हटलं, "जाऊ द्या, जुनं झालं." हवालदार, पत्र दाबलं तो एक अपराध. पण हे 'जाऊ द्या' त्याहून मोठं होतं, कारण त्यानंतर बावीस वर्षं तुम्ही हेच मनात धरून जगलात, की तुम्ही शिकवलेल्या बायकांनी तुम्हाला नाकारलं.

आणि तुम्ही म्हणालात तसं बरं काही झालं नव्हतं. कंपनी पुढे बिघडली, पण त्या बारा जागा कायमच्या होत्या, त्या कायमच राहिल्या. त्यातली एक बाई निवृत्त झाली तेव्हा तुम्हाला भेटायला पेढे घेऊन आली होती. फंड मिळाला, पेन्शन बसली, गावाला घर बांधणार म्हणून सांगत होती. इंदूने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "नशीब लागतं वो." मी माझा पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. तो तिथेच चुरा झाला.

इंदूचा नवरा कधीच गेला. मुली सासरी आहेत. ती चौसष्टाव्या वर्षी अजून ड्युटीवर जाते.

तुमची शेवटची ड्युटीही तिनेच केली. अर्धांगाने तुमची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या दिवसापासून तीन आठवडे ती तुमच्याजवळ होती, सुट्टी न घेता. दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, चादरीचे कोपरे तुमच्या पद्धतीने दुमडायची. मी आले की उभी राहून मला रिपोर्ट द्यायची. एकदा तिने तुमचा सदरा वर करून दाखवला. "बघा बाई, एक पण डाग नाय." तुमचा डावा हात चादरीवरून फिरत होता, सुरकुती आहे का ते चाचपत.

मी रोज सांगायच्या तयारीने यायचे. जवळ बसायचे आणि नव्या वर्गाबद्दल बोलायचे. ज्याला उलटून बोलता येत नाही त्याला असं काही सांगणं बरं नव्हे, असं मी मनाशी म्हणत होते. तुम्ही उलटून बोलणार नाही म्हणून तेव्हा सांगणं सोपं होतं, आणि तेही मला जमलं नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघत होतात. मी वहिनींना विचारलं, पाणी हवंय का त्यांना?

काल जेवणं आटोपल्यावर इंदू गॅलरीत भांडी पुसत होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं. सगळं, पत्रातल्या ओळींसकट. तिने हातातलं ताट पुसून बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

"रविवारपर्यंत म्हणाले होते?"

"हो."

"मामा रोज नळावर भेटायचे वो. कधी बोलले नाय."

"ते बोलले नसते. माझ्यामार्फत विचारलं होतं त्यांनी."

ती रडेल, नाहीतर मला शिव्या देईल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती गॅलरीच्या टोकाला नळाकडे बघत होती.

"मी गेली असती, बाई," ती म्हणाली. "मामांनी बोलावलं असतं तर चालत गेली असती दादरला."

मग तिने ताटं एकावर एक रचली, वहिनींना दिली, पदराला हात पुसले. "निघते. सकाळी सातची ड्युटी आहे, वडाळ्याला." जिन्यापाशी जाऊन ती थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, मला मोकळं करेल. ती म्हणाली, "बाकीच्यांना पण तुम्हीच सांगा. दुसऱ्याच्या तोंडून नको."

बारांपैकी इंदू धरून सात जणी आहेत. एक लालबागला, दोघी मुलांकडे डोंबिवलीला, तिघी गावी गेल्या, त्यांना फोन करीन. लालबागला उद्या जाते. माझे गुडघे आता जिने चढायला तयार नसतात, पण ही सबब तुमच्यासमोर चालली नसती.

तुमचं पत्र मी फाडलं नव्हतं. आत्ता समोर आहे. घड्यांवर विरलंय, पण अक्षर तुमचं, एकेक वेलांटी परेडला उभी असल्यासारखी. उत्तर द्यायला उशीर झाला. फार उशीर झाला. तरी रिपोर्ट दिल्याशिवाय काम संपत नाही, तेव्हा देते.

हवालदार, बारांपैकी एकीचं उत्तर आलं आहे. इंदू कदम, येते. बाकीच्यांचं रविवारपर्यंत कळवते.